कुंपणाचा माथा

आमच्या कोल्डवेल गावात माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत. राग आला तर दार नेहमीपेक्षा हळू लावतात आणि चहा नेहमीपेक्षा जास्त वेळ ढवळतात. नोरा पिकर्सगिल गेली काही वर्षं असा चहा ढवळत होती.

नोरा म्हणजे फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवणारी नोरा. यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यात वर डोंगरावर दगडी बांध आणि खाली गावाकडं झाडांची कुंपणं. त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा इतक्या अरुंद की समोरून मेंढरं आली तर मेंढरांनी थांबायचं की गाडीनं, हे धनगराशी डोळ्यांनी ठरवावं लागायचं. अशा वाटांवरून नोरानं आयुष्यभर पुस्तकांनी भरलेली गाडी नेली, उलटी आणली, बर्फातून ढकलली. कुणाच्या कुंपणाला कधी ओरखडा काढला नाही. वाटेत कुणी तिला कधी मदत हवी का असं विचारलं नाही, कारण मदत लागणारी बाई ती दिसतच नव्हती.

तिच्या घरामागं बीच नावाच्या झाडांचं कुंपण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, विल्फनं, स्वतःच्या हद्दीच्या आत हातभर जागा सोडून ते लावलं. लावलं तेव्हा नुसत्या काटक्या होत्या. पुढं त्यांची भिंत झाली, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. बीचची पानं थंडीत वाळतात पण गळत नाहीत. तांब्याच्या रंगाची ती पानं सगळा हिवाळा वाऱ्याशी कुजबुजत फांदीवर बसून राहतात आणि वसंतात नवी पालवी ढकलते तेव्हाच जागा सोडतात. त्या कुंपणाच्या आडोशाला एक बाक होता. नोरा सकाळचा पहिला चहा तिथं घ्यायची. अंगात रात्रीचा झगा, केस विस्कटलेले, पाय बाकावर. विल्फ गेल्यावर ती तिथंच रडली आणि तिथंच रडायची थांबली. दोन्ही गोष्टी कुणी पाहिल्या नाहीत. तेवढ्यासाठी तर कुंपण होतं.

मग तिचा खुबा बदलला. इस्पितळातून ती घरी आली, काठी टेकत मागच्या दारी गेली आणि दारातच थांबली. कुंपण छातीएवढं झालं होतं. माथा असा सपाट की त्यावर कपबशी ठेवावी. आणि पलीकडून शेजाऱ्याचं हसरं तोंड दिसत होतं.

"आलात? बरं झालं," डेस्मंड लॉफ्टहाउस म्हणाला. "म्हटलं, तुमच्या डोक्याला या कुंपणाचा ताप नको. मी उरकून टाकलं."

डेस्मंड शहरात जमीन मोजायच्या नोकरीत होता, निवृत्त होऊन इथं आला. दोरी, पातळी बघायची पट्टी आणि चांगलं मन, या तीन गोष्टी तो नेहमी बरोबर बाळगायचा. वाईट माणूस असता तर सोपं होतं. वाईट माणसावर माणूस उघड रागावू शकतो. चांगल्या माणसावर रागवायचं तर आधी स्वतःला वाईट ठरवावं लागतं.

नोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंडातून काय निघालं?

"किती करता हो तुम्ही माझ्यासाठी."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण आमच्याकडं उपकार उघडा ठेवत नाहीत, त्यावर काहीतरी झाकण घालावंच लागतं. तिनं आल्याचा केक केला आणि काठी टेकत त्याच्या दारी नेऊन दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डेस्मंडनं त्या केकाचा जो अर्थ कुणीही लावला असता तोच लावला. पुढच्या ऑगस्टमध्ये तो न विचारता शिडी घेऊन आला. तिनं पुन्हा केक दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं. कुंपण बिचारं वर्षभर धडपडून हातभर वर यायचं आणि ऑगस्टात डेस्मंड त्याचा माथा उडवायचा.

बाक तिथंच होता. पण आता त्यावर बसलं की, "काय नोरा, आज ऊन छान आहे नाही?" नोरा चहा घ्यायला आता कपडे बदलून, केस विंचरून जाऊ लागली. स्वतःच्या परसात, स्वतःच्या बाकावर, पाहुणीसारखी.

जूनमध्ये डेस्मंड कुंपणावरून वाकून म्हणाला, "यंदा म्हणतो, कमरेपर्यंतच घेऊ. माझ्या टोमॅटोंना ऊन लागेल आणि तुम्हालाही कायमचं सोपं होईल. या वयात तुमच्याच्यानं काही ते व्हायचं नाही."

नोरानं म्हटलं, "बघू या."

आमच्या गावात जन्मलेल्या कुणालाही त्याचा अर्थ 'नाही' असाच लागला असता. पण डेस्मंड शहरचा. तो खूश होऊन आत गेला. नोरा बाकावर बसून राहिली. तिला त्याचा राग आला, त्याच्या टोमॅटोंचा आला आणि सगळ्यात जास्त आपल्या जिभेचा आला. भीड ही भिकेची बहीण. आयुष्यभर कुणापुढं हात न पसरलेली बाई स्वतःच्या कुंपणासाठी भिकारी झाली होती.

त्याला "नको" म्हणायचं तर "मग कोण करणार?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधी हातात हवं. ती शनिवारी बाजारगावी शेतीसामानाच्या दुकानात गेली.

दुकान ब्रेंडा ऑल्डरसनचं. दोघी एका शाळेतल्या.

"शिडीवर चढायचं नाही," नोरा म्हणाली. "खुब्याला ते झेपत नाही. जमिनीवर उभं राहून कुंपणाच्या माथ्याची पलीकडची कडसुद्धा कापता आली पाहिजे."

"म्हणजे कुंपण छाटायचा लांब दांड्याचा ट्रिमर," ब्रेंडा म्हणाली. "वायरचा देऊ का? स्वस्त पडेल."

"वायर विल्फनं दोनदा कापली होती. दुसऱ्यांदा शेजारच्या दोन घरांचे दिवे गेले."

"मग पेट्रोलचा?"

"मला कुंपण कापायचंय गं, विमान नाही उडवायचं."

ब्रेंडानं बॅटरीवर चालणारे दोन काढले. पहिला मोठा, पात्याचाही पल्ला मोठा, दिसायला रुबाबदार. नोरानं तो उचलून आडवा धरला. टोकाला सगळं वजन. दांडा लगेच बियाण्यांच्या पाकिटांवर झुकला आणि गाजराची पाकिटं खाली पडली.

"दुकानात सगळे हाच मागतात," ब्रेंडा म्हणाली. "घरी नेतात आणि महिन्यानं खांदा धरून परत येतात. पुरुष तर जास्तच. तू दुसरा धर."

दुसऱ्याचं पातं आखूड. बॅटरी दांड्याच्या मागच्या टोकाला, त्यामुळं पुढचं आणि मागचं वजन काट्यासारखं तोललेलं. पात्याची मान वाकवता येत होती. वाकवून ठेवली की दांडा तिरका असला तरी पातं माथ्यावर सपाट बसेल. खांद्यात अडकवायला पट्टा. नोरानं पट्टा अडकवला, दांडा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. खांदा कुरकुरला पण बोलला नाही.

"हाच," ती म्हणाली.

"दुसरी बॅटरीही घे. एक नेमकी अर्ध्यात संपते. आणि चष्मा." मग ब्रेंडानं तिच्याकडं नीट पाहिलं. "काय झालंय? तुझे ओठ शिवल्यासारखे दिसतायत."

"शेजारी चांगला आहे," नोरा म्हणाली.

"अरे देवा," ब्रेंडा म्हणाली, आणि बिल करायला घेतलं.

यंत्र आलं. पण कुंपणात काळ्या कस्तुराचं घरटं होतं आणि घरट्यात दुसऱ्या खेपेची पिल्लं. पिल्लं असताना कुंपणाला कात्री लावणारा माणूस आमच्याकडं चर्चमध्ये मागच्या बाकावरसुद्धा बसू शकत नाही. नोरा थांबली. रोज सकाळी ती यंत्र बॅटरी न लावता खांद्याला अडकवायची आणि नुसतं हवेत फिरवायची, हातांना सवय व्हावी म्हणून. डेस्मंड पलीकडून बघायचा.

"हे कशाला घेतलंत? मी आहे ना," तो एकदा म्हणाला.

"असू दे," नोरा म्हणाली. आत जाऊन तिनं चहाची बशी इतकी हळू ठेवली की तिचा आवाजच आला नाही.

ऑगस्टच्या शेवटाला घरटं रिकामं झालं. नोरानं फांद्या बाजूला करून हात घालून पाहिलं. आत वाळलेला चिखल, गवत, एक पीस. त्याच सकाळी तिनं सुरुवात केली.

आधी आपली बाजू, खालून वर. पातं अंगाशी नाही, अंगापासून दूर. वर जाईल तसं जरा आत, म्हणजे पायथा रुंद आणि माथा अरुंद राहतो आणि खालच्या पानांनाही ऊन मिळतं. विल्फ हे जेवताना काटाचमच्यानं दाखवायचा. पानं उडत होती. हिरवा, किंचित आंबट वास सुटला. एका जाड फांदीत पातं अडकलं. तिनं बॅटरी काढली, फांदी सोडवली, बॅटरी लावली. मग मान वाकवून पातं माथ्यावर नेलं. माथा कमी करायचा नव्हता, नुसते शेंडे खुडायचे होते, म्हणजे खाली फुटवे येतात आणि कुंपण दाट होत वर चढतं. रेघ सरळ येत नव्हती. वर जायची, खाली यायची, आमच्या डोंगरासारखी.

अर्ध्यावर यंत्र धापा टाकून थांबलं. बॅटरी संपली. आणि त्या शांततेत पलीकडून शिडी टेकल्याचा आवाज आला.

डेस्मंड. हातात त्याचं यंत्र, पायरीवर पट्टी. कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली होती. कमरेच्या उंचीवर.

"तुम्ही उगीच दमताय," तो वरून म्हणाला. "आणि वाकडं होतंय ते. सरका, मी घेतो."

त्यानं यंत्र उचललं.

"ठेवा ते खाली," नोरा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण गाडीपुढं आडव्या आलेल्या बैलाशी ती जशी बोलायची तसा होता. डेस्मंडनं यंत्र खाली ठेवलं नाही, पण चालूही केलं नाही.

"काय झालं?"

"कुंपण माझं आहे. तुम्ही ते कापलेलं मला नको आहे. पहिल्या वर्षीही नको होतं."

डेस्मंड शिडीवर तसाच उभा राहिला. त्याचं तोंड हळूहळू लाल झालं.

"पण तुम्ही केक दिलात. दर वर्षी दिलात."

"दिला. रागानं पीठ फेटत होते मी. तुम्ही खाल्लात तो सगळा राग होता."

"चांगला झाला होता," डेस्मंड म्हणाला.

"मग एका शब्दानं सांगायचं," तो पुढं म्हणाला, आणि आता त्याच्याही आवाजात धार आली. "मी काय चोर आहे? माझं अंग मोडून करत होतो. पॉलिन म्हणायची, त्या बाईला विचार, विचार. मी म्हटलं, विचारायचं काय, ती किती खूश असते."

पलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "मी म्हणतच होते."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच होते, म्हणून तर तू शिडीवर आहेस."

नोराच्या तोंडात एक शब्द येऊन बसला होता. 'माफ करा.' आमच्याकडं कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच हा शब्द म्हणतो. तो दातांपर्यंत आला. तिनं दात आवळले. तो शब्द गिळणं तिला खुब्याच्या दुखण्यापेक्षा जड गेलं, पण तिनं तो गिळला.

"एका शब्दानं सांगायला हवं होतं, ते खरं," ती म्हणाली. "ती चूक माझी. आता सांगितलं. पण न विचारता दुसऱ्याच्या मालकीवर पातं चालवायचं, ही तुमची. माझी चूक मोठी म्हणून तुमची लहान होत नाही."

डेस्मंड खाली उतरला. दोरी सोडताना गाठ सुटेना, तेव्हा त्यानं ती दातांनी ओढली. त्याला लागलं होतं, हे दिसत होतं. नोराला ते दिसलं आणि तिला त्याची दया आली. पण राग काही ओसरला नाही. दोन्ही एकाच चुलीवर दोन भांड्यांसारखे शेजारी शेजारी शिजत राहिले. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड तिथंच होता, फक्त आता तिनं तो स्वतः उचलून धरला होता.

संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार, हे तिला ठाऊक होतं. काही बायका म्हणतील, बिचारा डेस्मंड. म्हणू देत.

तिनं दुसरी बॅटरी आणली. ती लावत होती तेव्हा डेस्मंड पुन्हा पलीकडं आला. या वेळी शिडी नव्हती. आता गळ्याएवढ्या झालेल्या कुंपणावरून फक्त त्याचं डोकं दिसत होतं, आणि शेंडे असेच वर चढत राहिले तर पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत तेही दिसेनासं होणार होतं.

"माझ्या हद्दीत आलेल्या फांद्या तरी मी कापू ना?" त्यानं विचारलं. आजवर कुंपणाबद्दल त्यानं काही विचारलं, ते हे पहिलंच.

"तुमच्या बाजूच्या तुम्ही कापा. तो तुमचा हक्क आहे."

"आणि माथा?"

"माथा माझा."

त्यानं माथ्याच्या रेघेवरून नजर फिरवली. "वाकडा झालाय तो, नोरा."

"झालाय," नोरा म्हणाली. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला, पट्टा खांद्यावर नीट बसवला, आणि तो मागं सरकेपर्यंत वाट पाहून यंत्र चालू केलं.