कोरड्या तारांवरचे मामू

गिटारवाले मामू विजेची गिटार विजेशिवाय वाजवायचे. लातूरला क्लासच्या मुलांचं तीन मजली होस्टेल होतं. त्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून ते बसायचे आणि लाल गिटार मांडीवर घ्यायचे. तिची वायर गुंडाळून खिशात ठेवलेली असायची. हात असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, समोर मोठा जलसा भरला आहे. आणि आवाज? कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय, एवढाच. जरा लांब गेलं की तोही नाही. मी खालच्या मेसमध्ये पोळ्या करायची आणि दुपारी गच्चीवर मिरच्या वाळवायला जायची, म्हणून मला जवळ बसून ऐकायला मिळालं. दुसऱ्या कुणाला मिळालं नाही, आणि राग मला त्याचाच आहे.

वीज का नाही, तर खाली मुलं अभ्यास करत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं होतं. मी चौथी शिकलेली. माझ्या नशिबी रोज वाचायला हे दोनच शब्द होते. आजही कुठे दिसले की डोक्यात जाळ होतो. होस्टेलच्या मालकांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी मामूंना ठेवलं होतं वॉचमन म्हणून. नांदेड, लोहा, उदगीर, एवढ्या मुलखात ज्यांच्या ऑर्केस्ट्राला लोक गाड्या जुंपून यायचे, त्या माणसाच्या हातात एक काठी दिली होती आणि सांगितलं होतं, कुणी मोठ्यानं हसलं की जिन्यावर आपटा.

यावरून मामू गरीब, बापुडे होते असं कुणी समजू नये. लई ताठ माणूस. केसांना मेंदी, कॉलर उभी, खिशात कंगवा. डावा हात ते कुणाच्या हातात देत नसत. पाण्याची बादली उचलायची ती उजव्यानं. एकदा सरांनी खाटा वरच्या मजल्यावर न्यायला सांगितल्या तर मामूंनी खाट खांद्यावर घेतली, उजवा हात लावला आणि डावा खिशात ठेवूनच जिना चढले. सर म्हणाले, “दोन हात लावा की मामू.” मामू म्हणाले, “एकच हात नोकरी कू आया, सर. दूसरा मालिक हय.”

मुलं चेष्टा करायची. “मामू, गिटार चार्जिंगला लावा की!” मामू काठी टेकत म्हणायचे, “पहले तेरा डोका लाव बेटा. परसोंके पेपर में बत्ती गुल होती तेरी.” पोरं हसायची आणि मामूंना लगेच काठी आपटावी लागायची. आपणच हसवायचं आणि आपणच गप्प करायचं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

ते वाजवायचे कसं, हे मला गाण्याच्या भाषेत सांगता येत नाही. हाताच्या भाषेत येतं, कारण माझाही जन्म हातावरच गेला. तार ते नुसती दाबत नसत, वर ढकलत. एक बोट तारेवर, त्याच्या पाठीशी आणखी दोन, आणि तिन्ही मिळून तार अशी सारायची की सूर खालून वर चढत जायचा, बाई गाताना हेल काढते तसा. वर पोचला की मनगट हलकंच डोलायचं, पाळण्याची दोरी ओढावी तसं. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकलेली असायची. भाकरी थापताना कड फाटू नये म्हणून आपण हात धरतो ना, अगदी तशी. त्या कडेनं ते सूर थांबवायचे. “आवाज निकालना गधे का काम, आक्का,” ते म्हणायचे. “रोकना हुनर हय.”

पण त्यांची खरी करामत करंगळीत होती. गिटारीवर आवाज कमीजास्त करायचं एक बटण असतं. मामू ते आधी पूर्ण बंद करायचे, तार छेडायचे आणि मग करंगळीनं बटण हळूच फिरवायचे. वीज असली तर तार छेडल्याचा ठणका कानावर येतच नाही. नुसता सूर येतो, श्वासासारखा, कुठून सुरू झाला ते कळत नाही. कोरड्या तारांवर या बटणाचा काडीचा उपयोग नाही. तरी करंगळी फिरायचीच. मी एकदा विचारलं, “मामू, हे आता कशाला?” तर माझ्यावरच डाफरले. “वीज नै बोलके करंगळी कू सुस्ती सिखाऊं?”

मी तो श्वासासारखा सूर आधी ऐकलेला होता. आमचं गाव किल्लारीजवळ. गणपती बोळवायच्या दिवशी गावात ऑर्केस्ट्रा आला होता. माझी धाकटी बहीण गोदी माझ्याउलट, कुणाला न भिणारी. मी चार माणसांत पाण्याचा तांब्यासुद्धा मागत नसे आणि ही सरळ स्टेजपाशी जाऊन म्हणाली, “ओ गिटारवाले, पिच्चरची गाणी कुणी बी वाजवतंय. हे येतंय का?” आणि तिनं आमच्या आईची जात्यावरची चाल म्हणून दाखवली. लोक हसले. लाल गिटारवाला हसला नाही. त्यानं चाल पुन्हा म्हणायला लावली, मान हलवली आणि वाजवली. आख्खं गाव गप्प झालं. आई पदरात तोंड घालून रडली. गोदी मात्र मला कोपर मारून म्हणाली, “बघ, आलं की नाही त्याला!” दिवस उजाडायच्या आत भूकंप झाला. गोदी गेली, आई गेली. मी उरले.

होस्टेलवर ती लाल गिटार मी ओळखली, पण विचारायला मला कित्येक महिने लागले. मी गावाचं नाव सांगितलं तसे मामूंचे हात थांबले. “वो दो वेणीवाली? ‘ओ गिटारवाले’ बोली वो?”

“हाव. त्याच पहाटे गेली.”

त्यांची गाडी कार्यक्रम संपवून नांदेडला निघून गेली होती. गावाचं त्यांना कळलं होतं, मुलीचं कळायला वाटच नव्हती. त्या दिवशी त्यांनी गिटार खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मात्र वाजवायला बसले की आधी गोदीची चाल, मग बाकी सगळं. आणि दर वेळी संपवून म्हणायचे, “आक्का, ये अर्धीच हय. बाकी अर्धी वीज में हय. एक बार बॉक्सपर सुनाता तुमकू. वादा.”

भूकंपानंतर आमच्या मुलखात फार दिवस कुणी गाणंबजावणं ठेवलंच नव्हतं. त्यातच मामूंचा ऑर्केस्ट्रा मोडला. नंतर गाणं आलं ते डीजेचं. मामूंचा वादा मात्र माझ्या मनात बसला. मला ती चाल एकदा तरी पुरी ऐकायची होती.

मग एका वर्षी निकाल लागला आणि सरांच्या क्लासची मुलं यादीत वर आली. फाटकासमोर डीजेच्या बॉक्सची भिंतच उभी केली. वर्षभर ज्या जिन्यात खोकायची चोरी, तिथल्या काचा हादरायला लागल्या. मेसमधली भांडी फडताळात आपोआप वाजू लागली. ज्यांनी भूकंप पाहिलाय त्यांना विचारा, भांडी अशी वाजली की पाय दाराकडे कसे पळतात. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. म्हणजे आवाजाला मनाई नव्हतीच. मनाई फक्त मामूंना होती!

पिठाच्या हातांनीच मी सरांपुढे गेले. “सर, मामूंना वाजवू द्या. एकच.”

सर गुलालात होते, खुशीत होते. म्हणाले, “वाजवा की! मामू बी खूश पाहिजे आज.”

मामूंनी खिशातून वायर काढली. इतकी वर्षं गुंडाळलेली, सरळच होईना. डीजेवाल्यानं ती आपल्या मशीनला जोडली. मामूंनी कॉलर ठीक केली, माझ्याकडे बघितलं आणि करंगळी फिरवली.

सूर आला. श्वासासारखा, ठणका नसलेला. पहिली ओळ झाली, दुसरी चढली. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. एक मुलगी, देवणीकडची असावी, हळूच म्हणाली, “माय, ही तर आमच्या आजीची चाल.” तिसऱ्या ओळीला मनगट डोललं आणि सर ओरडले, “अरे हे काय रडगाणं? सत्काराचा दिवस आहे! बंद कर, दुसरं लाव.”

डीजेवाल्यानं वायर उपटली. बॉक्स खडकन मेले. सर हसत म्हणाले, “उठा मामू, संपलं.”

“संपलं नाही.”

हे मी बोलले. एवढ्या मोठ्यानं, की माझाच मला आवाज ओळखू आला नाही. डीजेवाल्याचा हात मशीनकडे गेला तसा मी पिठाचा पंजा त्याच्या मनगटावर ठेवला. “हात काढ. संपलं नाही अजून.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईला वेड लागलं असं त्यांना वाटलं असेल, वाटू दे. मामूंनी मान वर केली नव्हती. त्यांचे हात थांबलेच नव्हते. तीन बोटं तार वर सारत होती, मनगट डोलत होतं आणि वायर उपटलेल्या गिटारीचं बटण करंगळी हळूहळू फिरवत होती. त्या गर्दीला काही ऐकू आलं नाही. मला सगळं आलं. शेवटचा सूर आला तसा मामूंनी तळहाताची कड टेकवली आणि तो थांबवला.

मग ते उठले. फाटकाच्या कोपऱ्यातली काठी आणून सरांच्या हातात दिली. “लेव सर. तुमची शांतता तुम्हीच संभाळा.” आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, “आक्का, वादा पूरा नै हुआ.”

मी म्हणाले, “झाला, मामू.”

नांदेडच्या एसटीत बसताना त्यांनी गिटारीची पेटी उजव्या हातात धरली होती. पुढं ते वारल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी अजून त्याच मेसमध्ये आहे. दर निकालाला भिंत उभी राहते, भांडी वाजतात. मी चूल बंद करते, कुणी काही म्हणो, आणि गच्चीवर टाकीला पाठ लावून बसते. खालच्या त्या सगळ्या गोंगाटात गोदीची चाल पहिल्यापासून मनात म्हणते आणि शेवटी तळहाताची कड गुडघ्यावर टेकवते.