कॅप्टनसाहेबांचं व्याकरण

माझी मावशी फौजेत होती. हे मी सांगितलं की समोरचा माणूस हमखास वाक्य दुरुस्त करतो: "म्हणजे मावशीचे यजमान फौजेत होते." नाही. मावशीचे यजमान, आमचे काका, टेलर आहेत. उंचीला दाराच्या चौकटीएवढे, मिशा अशा की लहान मुलं आईमागे लपतात, आणि बोटात सुई टोचली तर स्वतः खुर्ची शोधून बसणारे. फौजेत होती ती मावशी. बुटकी, गोल, चष्मेवाली. कॅप्टन होऊन निवृत्त झाली.

घरी तिने सांगितलं होतं की शहरात नर्सिंग शिकायला जाते. ते खोटं नव्हतं. फक्त नर्सिंग कोणाचं, हे आजोबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. युनिफॉर्म घालूनच ती पहिल्या सुट्टीला घरी आली. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बुटांना पॉलिश कसं करायचं ते विचारायला लागले.

काका तिला भेटले ते लष्करी इस्पितळात. दुखणं काही नव्हतं, खिडक्यांच्या पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. तिसऱ्या खिडकीशी कोणीतरी ड्रेसिंगचा ट्रे उघडा ठेवला होता. काकांनी त्यात डोकावलं आणि टेपसकट आडवे झाले. शुद्धीवर आले तेव्हा त्यांचे पाय स्टुलावर होते आणि उशाशी मावशी.

"पडदे किती लांब हवेत?" असं त्यांनी विचारलं.

"तुमच्याएवढे," मावशी म्हणाली. "आत्ताच जमिनीवर माप मिळालंय."

पुढचं लग्न हे त्याच संभाषणाचं लांबलेलं रूप आहे.

तर गेल्या वर्षी आमच्या भागातल्या कॉलेजने माजी सैनिकांचा सन्मान करायचं ठरवलं. आवारात संचलन, सभागृहात भाषणं, मग चहा. दुपारी घरी फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मावशीने उचलला.

"कॅप्टनसाहेब आहेत का?" एका विद्यार्थ्याचा आवाज, फार अदबीचा.

"बोलतेय."

"नाही, म्हणजे साहेबांशी बोलायचं होतं."

अशा वेळी पूर्वी मावशी चिडायची. बँकेत, दवाखान्यात, लष्कराच्या कँटीनमध्येसुद्धा "साहेब नाही आले?" ऐकून तिचे कान किटले होते. पण वय वाढलं तसा तिचा राग आटला आणि तळाला नुसता खट्याळपणा उरला. आतल्या खोलीत काका शर्टाच्या बटणपट्टीवर वाकले होते; तिकडे बघून ती म्हणाली, "साहेब काजं करतायत."

"हो हो, कामकाजात असतीलच," पोरगा म्हणाला. "थोडा वेळ देतील का?"

तिने फोन काकांच्या कानाला लावला आणि कुजबुजली, "हो म्हणा." काकांच्या ओठांत दोरा होता. त्यांनी "हं" म्हटलं. एवढ्यावर कॉलेजने एक कॅप्टन नक्की केला.

काकांना वाटलं, बोलावणं दोघांना आहे. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी स्वतः शिवलेला निळा कोट घातला. त्या कोटाचे खांदे पाहून कोणीही त्यांना ब्रिगेड सोपवली असती. मावशीने आपला काळा कोट घातला आणि डावीकडे पदकं लावली. मी गाडी चालवत होते.

फाटकाशी दोन कॅडेट उभे होते. त्यांनी काकांना बघितलं आणि असा कडक सलाम ठोकला की काका दचकून मागे सरले. मग सभ्य माणूस म्हणून त्यांनी उत्तरादाखल हात वर केला. डावा. कॅडेटांनी ते जुन्या जखमेच्या खात्यात टाकलं असावं, कारण त्यांची नजर आणखीच आदराने भरली.

स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने काकांच्या हातात फुलं दिली आणि मावशीकडे वळून म्हणाली, "साहेबांची पदकं तुम्ही लावून आलात? किती छान वाटतं."

"हो ना," मावशी म्हणाली. "त्यांना जड होतात."

काकांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "अगं," ते म्हणाले, "हे लोक मला..."

"जा हो वर. नाही तरी आज दुकान बंदच आहे."

"अगं पण मी काय बोलू?"

"बघू तरी किती वेळ चालतं."

मी मध्ये पडायला गेले, तर तिने माझं मनगट धरलं. ती पकड अनेक जवानांनी अनुभवलेली आहे. त्यात हलता येत नाही.

काकांना मंचावर नेलं. आम्हाला "कुटुंबीय" असा कागद लावलेल्या तिसऱ्या रांगेत बसवलं. मावशीच्या शेजारी एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नी होत्या. त्यांनी लगेच यजमानांच्या गुडघ्यांचा विषय काढला, मग साखरेचा, मग पथ्याचा. मावशीने सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"तुमच्या ह्यांना काय त्रास?" बाईंनी विचारलं.

"सुईची भीती," मावशी म्हणाली.

"एवढ्या लढाया करून?"

"त्यामुळेच तर नसेल ना?"

वर काकांच्या बाजूला तोफखान्यातले एक कर्नल होते, कानाला यंत्र लावलेले. तोफांनी त्यांचे कान बरेच आधी नेले होते. काय बोलणं झालं ते काकांनी मला नंतर सांगितलं. कर्नलनी विचारलं, "कुठल्या शाखेत?" काका प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "मी टेलर आहे."

"ट्रेलर," कर्नल खूश झाले. "म्हणजे वाहतूक. तुमच्याशिवाय आमचे गोळे पोचले नसते." आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. इतक्या प्रेमाने मिळालेली वाहतूक शाखा नाकारणं काकांच्या जिवावर आलं.

प्राचार्य बोलले. संचलनाच्या बँडने वाजवलं. सन्मानचिन्हं दिली गेली. काकांना मिळालेल्या पितळी पाटीवर "शूर सुपुत्रास कृतज्ञतापूर्वक" असं कोरलं होतं. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात निवेदिका म्हणाली की आता कॅप्टनसाहेब आपला एक अनुभव सांगतील.

काका माइकशी आले. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने हाताने खूण केली: चालू द्या. काकांनी एकदा दाराकडे बघितलं. पण पळून जायला दार लांब होतं, आणि खरं सांगायचं तर काकांना एक अनुभव तोंडपाठ होता. कितीतरी दुपारी मशीनवर टीप घालताना त्यांनी तो ऐकला होता.

"एक तंबू होता," काका म्हणाले. "आघाडीच्या मागे. तंबूतच इस्पितळ. वारा असा की खुंट्या उपटून यायच्या."

मुलं सरसावून बसली. काकांचा आवाज मुळात भारदस्त. त्यांनी सांगितलं की सकाळपासून जखमी येत होते आणि खाटा संपल्या होत्या. त्यात एक अगदी कोवळा जवान होता. पोटात गोळी. ऑपरेशन झालं होतं, पण तो डोळे मिटायला तयार नव्हता. त्याच्या मनाने घेतलं होतं की झोपलो तर संपलो.

"त्याने हाक मारली," काका म्हणाले, "आणि मी धावत गेले."

मागच्या बाकांवर कोणीतरी खुसखुसलं. काकांचं लक्ष नव्हतं. ते आता तंबूत होते.

"मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातावर बांधलं. म्हटलं, हे माझ्या वडिलांचं आहे, चावी दिली नाही तर बंद पडतं. मला कामं आहेत. तू सांभाळ, सकाळी उठलास की चावी देऊन परत दे. बंद पडलं तर माझ्याशी गाठ आहे. आणि मी त्याच्या उशाशी बसून राहिले. आतून मी फार घाबरले होते, पण..."

आता पुढच्या रांगेतली माणसंही एकमेकांकडे बघायला लागली. प्राचार्यांनी खुर्चीत पुढे वाकून कान टवकारले. निवेदिकेने तोंडावर कागद धरला. एकटे कर्नल तेवढे मन लावून ऐकत होते, कारण त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

काका थांबले. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मग ते हसणाऱ्या मुलांकडे वळले.

"हसू नका," ते म्हणाले. "व्याकरण बरोबर आहे. माणूस चुकीचा उभा आहे. मी ही गोष्ट जिच्या तोंडून ऐकली तिच्याच शब्दांत मला येते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, पदकं लावून. मी टेलर आहे. मी फक्त हा कोट शिवलाय."

सगळं सभागृह वळलं. सुभेदारांच्या पत्नींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तुम्ही नर्स," त्या म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला मघापासून पथ्य शिकवतेय."

"बरोबरच होतं तुमचं," मावशी म्हणाली. "फक्त बटाटा कमी करा." आणि ती उठली.

मंचावर प्राचार्य लालबुंद होऊन माफी मागत होते. फोन करणारा विद्यार्थी पडद्याआड शिरायच्या बेतात होता. मावशीने त्याला हाताने पुढे बोलावलं. मला वाटलं, आता हे याला शेकणार. तिने त्याच्याकडून माइक काकांच्या उंचीवरून आपल्या उंचीवर खाली करून घेतला आणि म्हणाली, "धन्यवाद. जा, बस." मग सभागृहाला म्हणाली, "ह्यांनी बरंच बरोबर सांगितलं. पण वारा नव्हता. तंबूच फाटका होता, वारा ह्यांच्या कल्पनेतला आहे. आणि घड्याळ वडिलांचं नव्हतं, बाजारात घेतलेलं साधं होतं. मी त्याला थाप मारली."

"आणि तो जवान?" एका मुलीने बसल्या जागेवरून विचारलं.

"सकाळी मी दुसऱ्या तंबूत होते. तेवढ्यात त्याला मोठ्या इस्पितळात हलवलं. घड्याळ घेऊन गेला लबाड." हे सांगताना ती हसली, पण चष्मा काढून पुसायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. काका शेजारीच उभे होते. त्यांनी आपला रुमाल पुढे केला, तिने तो न बघताच घेतला.

प्राचार्यांनी पाटी बदलून द्यायची तयारी दाखवली. मावशीने साफ नकार दिला. शूर सुपुत्र सध्या दुकानात आहे. काका कापड बेतताना ती पाटी त्याच्यावर वजन म्हणून ठेवतात. पितळ चांगलं जड आहे.

यंदा कॉलेजने आधी मावशीलाच विचारलं की काय करायचं. तिने भाषणं बंद करायला लावली. आवारातल्या झाडांखाली टेबलं मांडली, एकेका टेबलाशी एकेक माजी सैनिक, आणि मुलांनी जाऊन हवं ते विचारायचं. कर्नलांच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त आवाज होता, कारण प्रश्न ओरडून विचारावे लागत. मावशी बँडेज बांधायला शिकवत होती. नमुन्यासाठी तिने काकांना बसवलं होतं, डोक्यापासून कोपरापर्यंत गुंडाळून. रक्ताचा थेंब नसल्यामुळे ते आनंदात होते.

जवानाबद्दल विचारणारी ती मुलगी तिथे दिवसभर रेंगाळली. शेवटी तिने विचारलं, "मला फौजेत नर्स व्हायचंय. घरी कसं सांगू?"

मावशीने तिला परावृत्त करायचा मनापासून प्रयत्न केला. उन्हातल्या रांगा सांगितल्या, वरिष्ठांची बोलणी सांगितली, सुट्ट्या रद्द होतात ते सांगितलं, आणि बुटांबद्दल तर इतकं वाईट सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या सुभेदारांनी दुजोरा दिला. मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "पण घरी कसं सांगू?"

"अर्धं सांग," मावशी म्हणाली.

मुलगी निवडली गेली. आता तिचं प्रशिक्षण चालू आहे आणि रविवारी तिचा मावशीला फोन येतो. परवा मी तिथेच होते. पलीकडून बुटांची तक्रार चालली होती, टाचेला फोड आलेत म्हणून. मावशी भिंतीला टेकून, डोळे मिटून, गालातल्या गालात हसत ऐकत होती.

"दोन मोजे घाल," ती म्हणाली, "आणि रडायचं असेल तर बूट काढल्यावर रड. बूट घालून रडलीस तर ते आणखी आवळतात. नाही गं, थाप कशाला मारेन मी?"