बॅक पुढं गेला त्याची गोष्ट

चूक तात्यांची. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या हॉकी टीमची पोरं चहाच्या टपरीवर जमली की किस्से उसाच्या मोळ्यांगत एकावर एक पडत जातात, सगळे हसतात, आणि खाली कोण दबलाय ते कुणी बघत नाही.

मी गोलकीपर. सोपान, म्हणजे सोप्या, निरवांगीचा, आमचा फुलबॅक. बॅकनं गोलकीपरच्या पुढं भिंतीसारखं उभं राहायचं असतं. सोप्या दिसायचा थेट समोरच्यांच्या गोलपाशी!

पहिल्याच मॅचला आमचे कोच माने सर सणसरच्या मुरमाच्या ग्राउंडवर ओरडले, "सोपान, अरे तू बॅक हायस ना?"

"व्हय सर! मग बॅक येतोच की!"

*

माळेगावच्या टीमशी मॅच. सोप्या बॉल घेऊन सुटला, तिघांना चकवलं, चौथ्यानं काढून घेतला. माझ्यावर तिघं चालून आले आणि मी एकटा! बॉल हेल्मेटवर बसला, तिथून गोलात. असे दोन गोल खाल्ले. कान दिवसभर वाजत होता.

मॅच मात्र आम्ही तीन-दोननं जिंकलो. तिन्ही गोल सोप्याचे.

माने सर पीटीचे रिटायर्ड मास्तर. चाळीस वर्षं शिट्टी वाजवली, तेवढाच अनुभव. म्हणाले, "ह्याला ठेवायचा तर कीपर दोन लागतील."

मी म्हणालो, "सर, मी तक्रार केली का?"

*

सरांनी मग आयडिया काढली. प्रॅक्टिसला ग्राउंडवर पांढऱ्या फक्कीची आडवी रेघ मारली आणि सोप्याला सांगितलं, "हिच्या पुढं पाऊल टाकायचं न्हाय!"

सोप्या अर्धा तास एक पाऊल पुढं गेला नाही. सर खूश. हाफटाइमला बघतात तर रेघ वीस पावलं पुढं!

"सर, वाऱ्यानं सरकली असंल," सोप्या म्हणाला. त्याच्या बुटाचं टोक पांढरंफेक होतं.

*

हसण्यासारखं तेवढंच. जिल्हा आम्ही जिंकला, आता राज्य स्पर्धा होती आणि अठरा जणांची यादी पाठवायची होती. राज्याला खेळल्याचं सर्टिफिकेट मिळालं की पोलीस भरतीत खेळाडू कोटा. आमच्यातल्या बाकीच्यांना पुढच्या वर्षीही चान्स होता. सोप्याचं भरतीचं वय ह्याच वर्षी संपत होतं.

तात्या टीमचे अध्यक्ष. हॉकी स्टिक त्यांनी फक्त फोटोपुरती हातात धरलेली. तरी मीटिंगला त्यांनीच बोलायचं! "सोपानला ठेवायचा का न्हाय, इचार करावा लागंल. ट्रॉली कधी ट्रॅक्टरच्या पुढं जाती का?"

सोप्या दारात उभा होता. हळूच म्हणाला, "उतारावर जाती तात्या. ड्रायव्हर झोपला की."

मला हसू आवरलं नाही.

तात्या माझ्याकडं वळले. "कॉलेज सोडलेल्यानं दात काढू नयेत."

"मी आत जाऊन सोडलं तात्या. तुमी गेटवरनंच माघारी आला."

मीटिंग तिथंच मोडली. निर्णय राहिला. सोप्या बाहेर मला म्हणाला, "तुझ्या तोंडानं माझा घात व्हनार."

*

ते वाक्य डोक्यातून जाईना. यादी भरायच्या दिवशी मी सकाळीच तात्यांच्या रानात गेलो. ऊसतोडीचं मशीन चाललं होतं. तात्या बांधावर. पाय धरले नाहीत, पण माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

मी बोलत राहिलो. "त्यानं मागं जागा सोडली म्हणून वर्षभरात किती गोल खाल्ले, ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक न्हाय. तरी मी म्हणतो, त्याला घ्या. तो पुढं गेला न्हाय तर आपल्यात पुढं जाणारं कोण हाय?"

मग तात्या म्हणाले, "बरं. राहू दे त्याला. पोरगं गुणी हाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माने सर, बारामतीतून. सायबर कॅफेत फॉर्म भरत बसलेले. स्पीकरवर आवाज आला, "तात्या, सतरा नावं झाली. अठरावं सोपानचं टाकू का?"

मशीनचा आवाज एवढा, की तात्या बेंबीच्या देठापासून ओरडले, "राहू द्याऽऽ!"

आणि फोन कट. मी उड्या मारत निरवांगीला गेलो आणि सोप्याच्या आईच्या हातचा शिरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी यादी आली. अठरावं नाव दुसऱ्याच पोराचं.

तात्या सरांवर उखडले, "मी म्हणालो ना, राहू द्या!"

"व्हय की! म्हणून तर मी राहू दिलं!"

मी म्हणालो, "आत्ता गाडी काढा. तुमी दोघं सहीचं पत्र घेऊन स्पर्धेच्या ऑफिसात गेला तर नाव बदलून देतील."

तात्यांनी माने सरांकडं बघितलं, सरांनी घड्याळाकडं.

"आता राहू द्या," तात्या म्हणाले.

आम्ही राज्याला खेळून आलो. अठरा जणांना सर्टिफिकेट मिळालं. सोप्याचं भरतीचं वय संपलं.