आवाज बंद करून पाहिलेली गाणी

माझं माहेर इचलकरंजीचं. पुढच्या दारी कापडाचे माग, मागच्या दारीही माग. कारखान्यात खडखडाट एवढा, की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं कानावर येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. वडिलांना डबा पोचवता पोचवता मीही ते शिकले. घरीसुद्धा आम्ही पुष्कळदा तसंच बोलायचो. हे जगात सगळ्यांनाच येतं, असं मी धरून चालले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन कोल्हापुरात आले. घर खाऊनपिऊन सुखी, पण दोन खोल्या आणि माणसं उतू जाणारी. बघायला आले तेव्हा मला पसंत केलं होतं ते सासूबाईंनी. आमचे हे खाली मान घालून पोहे खात होते. ह्यांना स्वतःला मी पसंत होते का, ते कुणी सांगितलंच नाही, आणि मला ते फार सलायचं. विचारावं म्हटलं तर मध्ये कुणी ना कुणी बसलेलं.

लग्नानंतर रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना पिक्चरला पाठवलं. पाठवलं म्हणजे अख्खं घर सोबत आलं. ओळीच्या एका टोकाला बायका, दुसऱ्या टोकाला पुरुष. पडद्यावरची दोघं जरा जवळ आली की सासूबाई शेंगांची पिशवी फिरवायला लागायच्या. गाण्यात नायिका डोंगरावर उभी राहून मनातलं सगळ्या मुलखाला ऐकवत होती. मला तिचा हेवा वाटला. मी पुढं वाकून पाहिलं, तर पलीकडून हेही वाकले होते. तेवढ्यात मी ओठांनीच विचारलं, "मी पसंत हाय न्हवं तुमास्नी?"

हे उठले, सगळ्यांचे पाय तुडवत माझ्यापर्यंत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाणी पायजे व्हय?"

सगळी ओळ हसली. मी मान डोलावली आणि आणलेलं पाणी मुकाट्यानं प्यायले. घरी येईपर्यंत रडू आवरत होते.

सासऱ्यांना घरात प्रेमाची गाणी खपायची नाहीत. त्यामुळे रविवारी दुपारी ते झोपले की आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून गाणी बघायचो. मी नायिकेचे ओठ बघून ह्यांना शब्द सांगायची. ह्यांना मोठं नवल वाटायचं. मनापासून म्हणतेय की नुसती हनुवटी हलवतेय, तेही मला कळायचं, आणि बहुतेक जणी हनुवटीच हलवायच्या. हळूहळू ह्यांनाही ओठ वाचता यायला लागले. मग भर पंगतीत आमचं बोलणं सुरू झालं. आमटीत मीठ जास्त झालं तर हे ओठांनी सावध करायचे, मी ओठांनीच उलट उत्तर द्यायची. सासरी मला सगळे अबोल समजत, काही दिवस मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खरं तर मी चांगली तोंडाळ होते. ते मला तेव्हा कळलं.

फक्त तो एक प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. नको ते उत्तर आलं तर काय करायचं, याची भीती वाटायची.

पुढं मुलं शाळेत जायला लागली. एका रविवारी सगळं घर टीव्हीपुढं बसलं होतं आणि तोच डोंगरावरचा पिक्चर लागला. आता आवाज चालू असायचा. सासऱ्यांना ऐकूच कमी येऊ लागलं होतं. गाणं सुरू झालं तसे पलीकडून ह्यांचे ओठ हलले. "तवा पाणी मागितलं न्हवतंस, व्हय न्हवं?"

मी मानेनंच नाही म्हटलं, आणि तोच प्रश्न ओठांनी परत विचारला.

ओठ हलवून भागलं असतं. पण हे भर घरात मोठ्यानं म्हणाले, "व्हय की. पयल्यापासनं."

सासूबाईंनी वळून बघितलं. "काय व्हय रं?"

"पाणी पायजे म्हणती," म्हणत हे उठले आणि तांब्या भरून घेऊन आले. मला अजिबात तहान नव्हती. तरी सगळा तांब्या रिकामा केला.