थोरल्या जाऊबाईंचा वाकडा वाडगा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना हातानं काही म्हणता काही करता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बोल लावायला नको. साधं बटण लावायचं असलं तरी सुई माझ्याकडे येते. तोंडाचं मात्र विचारू नका. त्या बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा कपातच गार होतो. सकाळी पट्टा सुरू झाला की मी शिलाई मशीन जोरात चालवते, तेवढाच काय तो उपाय.

उभी हयात त्यांनी पेठेतल्या मोठ्या कापड दुकानात काउंटरमागे काढली. ते दुकान बंद पडलं आणि त्याच्या मागोमाग सगळ्या पेठेचीच शटरं खाली आली. आमचं शहर जुनं. वेशीची कमान बघायला लांबून लोक येतात, मान वर करून फोटो काढतात आणि आल्या वाटेनं परत जातात. आतल्या पेठेत कुणी फिरकेना. जाऊबाई खिडकीत बसून राहायला लागल्या आणि बोलेनाशा झाल्या. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. कसलं काय, घर खायला उठलं.

मग आम्ही काही जणांनी मिळून मंडळ काढलं. कुंभारदादा, सुतारकाका, वेताच्या टोपल्या विणणाऱ्या दोघी बहिणी आणि कापडी पिशव्या शिवणारी मी. वेशीलगतचं धान्याचं रिकामं गोदाम नगरपालिकेच्या मागे लागून मिळवलं, भिंतींना चुना दिला, छतातल्या काचा घासूनपुसून काढल्या, ओळीनं टेबलं मांडली. नियम एकच, तोही कुंभारदादांनी घातलेला. जो स्वतःच्या हातानं वस्तू करतो त्यालाच इथे टेबल. कारण पेठेचं वाटोळं दलालांनी केलं होतं, कारखान्यातला स्वस्त माल आणून आमच्या मालाशेजारी मांडून. त्यामुळे नियमाला कुणीच नाही म्हटलं नाही.

मी जाऊबाईंना म्हटलं, माझ्याबरोबर येऊन बसत चला, वेळ जाईल. 

"तुझ्या टेबलापाशी कशाला? मला माझं टेबल पाहिजे," त्या म्हणाल्या. "या खिडकीत बसून बसून मी मरेन गं."

मस्करी नव्हती ती.

त्यांनी शिकायचा चंगच बांधला. वेतानं बोटं सोलून घेतली. सुतारकाकांनी त्यांच्या हातातला रंधा काढून घेतला, अगदी हळूच, पण काढून घेतला. शेवटी कुंभारदादांच्या चाकावर बसल्या. पुष्कळ मातीची माती केल्यावर एक वाडगा झाला. एका बाजूनं बसका, काठ नागमोडी, पोटाशी अंगठ्याचा खोल ठसा. कुंभारदादा तोंड फिरवून हसले ते मी पाहिलं. जाऊबाईंनीही पाहिलं. वाडगा तसाच ओला फळीवर टाकून त्यांनी हात धुतले. म्हणाल्या, जन्मभर लोकांना चांगला माल दाखवला, वाईट कुठला हे मला कळतं. मी कुंभारदादांकडे रदबदली करायला निघाले तर मलाच झापलं. नियम बरोबर आहे, घरच्या माणसासाठी तो वाकवायचा नाही. घरी आल्या आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या.

गोदाम उघडलं. लोकही आले. आणि आमची काय फजिती झाली म्हणता! सुतारकाका गिऱ्हाइकाला खुर्चीच्या लाकडातली गाठ दाखवत बसले, जी त्यांच्याशिवाय कुणाला दिसलीही नसती. भाव करणाऱ्या एका बाईंशी कुंभारदादा चक्क भांडले. माझ्या पिशवीकडे कुणी नुसतं पाहिलं की मी न विचारताच किंमत कमी करायचे. लोक छान छान म्हणायचे आणि कमानीकडे चालू लागायचे.

अशातच एके दिवशी मी डबा विसरले, तो घेऊन जाऊबाई आल्या. दारात उभं राहून त्यांनी आमचा सगळा तमाशा पाहिला. सुतारकाकांच्या खुर्चीभोवती एक बाई घुटमळत होत्या. जाऊबाईंनी डबा माझ्या टेबलावर आदळला, खुर्ची उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, बसून बघा. बाई बसल्या. जाऊबाईंनी आपला हात खुर्चीवरून काढून घेतला आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. सुतारकाकांनी तोंड उघडलं, तर जाऊबाईंनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. घरी श्वास घ्यायलाही न थांबणारी ही बाई तिथे अशी थांबली की माझाच जीव खालीवर व्हायला लागला. त्या बाई मागे टेकल्या, लाकडावरून हात फिरवला, आणि खुर्ची गेली. सांगितलेल्या किमतीला गेली. मग टोपल्या, मग माझ्या पिशव्या. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, आपला हात मागे घ्यायचा आणि गप्प बसायचं. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नसावं याचा मला रागच आला.

टेबलं मोकळी झाल्यावर सगळे तिथेच बसलो. टोपल्यावाल्या बहिणी म्हणाल्या, नियम बदलून टाकू, यांना टेबल देऊ. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या.

"बदलू नका. आज माझ्यासाठी दार उघडाल, उद्या माझ्यामागून दलाल आत येईल."

डबा उचलून त्या निघाल्या. मला वाटलं, आता यांना हात धरून बसवावं, नियम गेला खड्ड्यात. तेवढ्यात कुंभारदादा त्यांना थांबा म्हणाले आणि मागच्या खोलीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. तोच वाडगा होता. भाजलेला, वर निळी झिलई दिलेला.

"फेकवेना मला. माझ्या मालाबरोबर भट्टीत ठेवला, तर तडासुद्धा गेला नाही," ते म्हणाले. "नियमात हाताची वस्तू म्हटलंय. ती सरळच पाहिजे असं कुठे म्हटलंय?"

त्यांनी वाडगा जाऊबाईंच्या हातात दिला. आपला हात मागे घेतला. आणि गप्प उभे राहिले.

जाऊबाईंचा अंगठा त्या ठशात बरोबर बसला. त्या कितीतरी वेळ वाडगा उजेडात फिरवत राहिल्या. डोळे भरले होते, लपवायचं काही कारण नव्हतं आणि त्यांनी लपवलेही नाहीत.

"घेते," त्या म्हणाल्या.

आता दाराजवळचं टेबल त्यांचं आहे. त्यावर तो वाडगा एवढंच, बाकी त्यांचा सगळा दिवस आमच्या टेबलांवरचा माल विकण्यात जातो. परवा कुणीतरी त्या वाडग्याची किंमत विचारली. विकायचा नाही, म्हणाल्या. तिथे थांबावं की नाही? पण मग तो इकडून कसा बसला, काठ कसा हलला, माती किती ओली होती, सगळं दाखवत बसल्या, अगदी सुतारकाकांसारखं. ते गिऱ्हाईक कंटाळून काही न घेता गेलं.