चित्र झाकून वाच

जिल्हा परिषदेची शाळा बरी की इंग्रजी, यावर आपल्या ग्रुपवर रोज भांडणं चालतात, म्हणून हे लिहितोय.

आज फुलंब्रीला बहिणीकडं गेलो होतो. माझी आर्या शहरात इंग्रजी शाळेत, भाची समीक्षा फुलंब्रीतच जिल्हा परिषदेच्या. दोघी पहिलीत. जेवणं झाल्यावर आपल्याकडं होतं तेच झालं, पोरींना सगळ्यांसमोर वाचायला बसवलं.

आर्यानं इंग्रजीचं पुस्तक घडाघडा वाचलं. टाळ्या पडल्या. समीक्षानं मराठीचा धडा अक्षराखाली बोट ठेवत, अडखळत वाचला. टाळ्या जरा कमी पडल्या.

मग समीक्षानं आर्याच्या पुस्तकाचं मधलंच एक पान उघडलं आणि चित्रावर हात ठेवला. "आता वाच. आमच्या बाई असंच वाचायला लावतात."

आर्याला एक शब्द वाचता आला नाही. चित्र बघून ती पाठ केलेलं म्हणत होती.

बहीण शेजारीच बसली होती. तिनं सगळं बघितलं.

निघताना ती गाडीपाशी आली. "दादा, आर्याच्या शाळेत हिच्या अ‍ॅडमिशनचं बघतो म्हणला होतास. तेवढं बघ ना. इथं काय ठेवलंय?"

मी "बघतो" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?