गव्हाच्या कोठीतली सीडी

गव्हाची कोठी उघडली की कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा कडवट वास येतो आणि मला पाथर्डीच्या रेहानाआपा आठवतात. त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

माझं लग्न झालं आणि आम्ही लगेच ऊसतोडीला गेलो. त्याच हंगामात माझे वडील, दादा, वारले. परतल्यावर मी लग्नाचे फोटो मागायला गेले, तर आपांचा कॉम्प्युटर बंद पडलेला. त्यांनी बंद मशीन सुरू करायची रेस्क्यू डिस्क घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, मशीन सुरू झालं, पण फोटो पुसले गेले होते. दादांचा दुसरा फोटोच नव्हता.

“रडू नको,” म्हणत आपा मागच्या घरात गेल्या, कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाल्यात गुंडाळलेली सीडी काढली. “दुकानाचं काय बी होऊ दे, घरातले गहू आमी सांभाळतोच. म्हनून सगळ्यांच्या लग्नाची एक कॉपी हितं.”

“पण पाला कशाला?”

“कीड लागू नये म्हनून!”

सीडीला कुठली कीड, म्हणून मला रडता रडता हसू आलं. तेवढ्यात आपांनी सीडी मशीनमध्ये घातली आणि पडद्यावर फेटा बांधलेले दादा आले.

आता दादा माझ्या मोबाईलमध्ये आहेत, पेनड्राईव्हमध्येही आहेत. तो पेनड्राईव्ह मी गव्हातच ठेवते. पाला घालून.